त्रयस्थ पक्ष

अभयसिंह निंबाळे आत आला तेव्हा त्याच्या शर्टाची उजवी कड डावीपेक्षा दोन बोटं वर होती.

शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा आणि पँटच्या बाहेर सोडलेला होता. शिंप्याची चूक असती तर बटणांची पट्टीही वाकडी आली असती. ती सरळ होती. कापड एखाद्या उंचवट्यावरून खाली येतं तेव्हा त्या बाजूला ते कमी पडतं आणि त्याची कड वर उचलली जाते. म्हणजे उंचवटा शर्टाच्या आत होता, उजव्या कमरेवर. मी त्या वेळी जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते, पण एवढं कळायला पदार्थविज्ञान लागत नाही. घरातल्या पुरुषांचे शर्ट धुणाऱ्या कोणत्याही बाईला ते दिसलं असतं.

"या दादा, या," म्हणत गवारे साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

साहेब म्हणजे आमच्या जिल्ह्याचे निवासी उपजिल्हाधिकारी. माहिती अधिकाराचं पहिलं अपील त्यांच्यापुढे चालायचं. मी आणि माझी धाकटी बहीण शैला आत आलो तेव्हा ते उठले नव्हते. आम्हाला त्यांनी पेनानं खुर्च्या दाखवल्या होत्या.

अभयसिंह टेबलाच्या कडेच्या खुर्चीत बसला. खुर्चीचे हात लोखंडी होते. त्याच्या कमरेचं काहीतरी त्या लोखंडावर आपटलं आणि 'ठण्' असा बारीक, स्वच्छ आवाज झाला.

खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला. गृह शाखेचे नायब तहसीलदार धोंगडे फाईल छातीशी धरून उभे होते. त्यांनी फाईल उघडून आत पाहिलं. शैलानं टेबलाच्या काचेकडे पाहिलं. गवारे साहेबांनी वर पाहिलं.

"पंखा दुरुस्तीला द्यायला हवा," ते म्हणाले.

पंखा बंद होता. नोव्हेंबर होता.

सुनावणी कशाची होती तेही सांगते. अभयसिंहाकडे शस्त्राचा परवाना आहे की नाही, हे शैलाला सांगता येईल का, याची.

शैला त्याची बायको. तो तालुक्याचा मोठा माणूस. दोन खडी क्रशर, रस्त्यांची कंत्राटं, आणि नावापुढे 'दादा' लावणारी पुष्कळ माणसं. बारा वर्षं संसार करून शैला एका दुपारी मुलीला, मृण्मयीला, घेऊन घरातून निघाली. का निघाली ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. आमच्या मामांनी तिला बसवून विचारलं होतं.

"मारतो का?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"बाहेर काही भानगड?"

"माहीत नाही. नसावी."

"मग तुला झालंय काय?"

 मामांनी निष्कर्ष काढला की पोरीला सुख बोचतंय. सोडचिठ्ठी घेणार का, पोलिसांत देणार का, परत जाणार का, काहीही विचारलं तरी ती "बघू" म्हणायची. असं बघण्यात दोन वर्षं गेली. खरं सांगायचं तर मलाही त्या 'बघू'चा कंटाळा आला होता. माझ्या विषयात निरीक्षणाला शेवट असतो. शेवटी माणूस काहीतरी लिहून ठेवतो.

मी माझ्या ओळखीतून तिला दूरच्या तालुक्यात मुलींच्या एका वसतिगृहात गृहपालाची नोकरी मिळवून दिली. मृण्मयी तिथल्याच शाळेत जाऊ लागली. अभयसिंह दोनदा माझ्याकडे तिचा पत्ता विचारायला आला. "ताई, तुम्हाला माहीत असणारच," म्हणाला. मी म्हटलं, "मी पदार्थविज्ञान शिकवते. पत्ते ठेवायचं काम पोस्टाचं." तो हसला. तो नेहमी हसायचा.

मग एका रविवारी शैला माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या म्हणाली, "ताई, त्याचं ते रिव्हॉल्वर आहे ना, त्याच्या परवान्याचं नूतनीकरण असतं. बहुतेक याच वर्षी असेल. बायकोनं हरकत घेतली तर ते देत नाहीत म्हणे."

"मग घे हरकत."

"आधी परवाना आहे का ते तर कळू दे. नसेलच तर उगाच कशावर घ्यायची? आहे म्हणून कळलं की मग बघू."

पुन्हा बघू. पण या वेळी निदान बघायला एक गोष्ट होती. मी माहितीच्या अधिकारातला अर्ज लिहायला बसले.

सरकारची प्रत्येक फाईल बाजारात मांडावी, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कुणाकुणाकडे शस्त्रं आहेत याची नावानिशी यादी चौकात लावली, तर ज्या घरात शस्त्र आहे तिथं शस्त्र चोरायला कुणी जाईल, आणि ज्या घरात नाही तिथं बाकीचं सगळं चोरायला. हा धोका मला कळतो. म्हणून अर्ज तोलून लिहिला. परवाना आहे का, आणि नूतनीकरणाचा अर्ज आलेला आहे का, एवढंच. शस्त्र कोणतं, क्रमांक काय, गोळ्या किती, काही नको. पत्ता तर नकोच. त्या घराची फरशी शैलानं बारा वर्षं पुसली होती.

अर्जावर मी माझा पत्ता घातला होता. आवक-जावकच्या खिडकीतल्या माणसानं तो परत सरकवला.

"अर्ज कुणाचा?"

"माझा," शैला म्हणाली.

"मग पत्ता यांचा कसा?"

"पत्रव्यवहारासाठी," मी म्हटलं.

"तसं चालत नाही. अर्जदाराचा राहता पत्ता पाहिजे. सही एकीची, पत्ता दुसरीचा, उद्या आम्हालाच साहेब विचारणार."

कायद्यात असं काही नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कायदा वर आहे मॅडम, दुसऱ्या मजल्यावर. इथं खिडकी आहे." मागं रांग होती. शैलानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि वसतिगृहाचा पत्ता लिहिला. गाव, तालुका, पिनकोड. तिचं अक्षर सुरेख होतं.

पुढं काय झालं ते शैलानं मला फोनवर सांगितलं. वसतिगृहाच्या फाटकाशी गाडी थांबली. अभयसिंह उतरला. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात सरकारी लिफाफा. मुली शाळेतून परतत होत्या. त्यानं वॉचमनला पेढा दिला, दोन मुलींना दिला आणि शैला दारात आली तशी लिफाफा उंच धरून म्हणाला, "सरकारनंच पत्ता पाठवला. म्हटलं, एवढ्या अगत्यानं पाठवलाय तर जाऊन यावं."

मग मृण्मयीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर नुसतीच गाडी उभी होती. संस्थेच्या अध्यक्षांनी शैलाला बोलावून घेतलं. "बाई, आमच्याकडे परक्यांच्या मुली असतात," ते म्हणाले. "तुमचा घरचा प्रश्न मिटेपर्यंत तुम्ही रजेवर जा." रजा किती दिवसांची ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी दोघी माझ्याकडे आल्या, एक ट्रंक आणि मृण्मयीचं दप्तर घेऊन. शैलानं पत्ता बदलल्याचं कार्यालयाला कळवलं आणि चार दिवसांनी माझ्याच पत्त्यावर माहितीला नकार आला. माझा पत्ता त्यांना आधी चालत नव्हता. नकार पाठवायला चालला.

ती माझ्याकडे राहत असताना मला तिची एक सवय दिसली. स्वयंपाकघरातल्या माझ्या छोट्या टेबलावर आम्ही तिघी जेवायचो. जेवायला बसण्याआधी शैला लोणच्याच्या बरणीतला चमचा फिरवायची. काकडी चिरून ठेवलेली सुरी फिरवायची. आमटीच्या पातेल्यातला डावही. ज्याला टोक किंवा दांडा आहे, ते सगळं भिंतीकडे तोंड करून ठेवायची, आणि मग बसायची, तीही समोर नाही, टेबलाच्या कोपऱ्याला, तिरकी. एकदा माझ्या लिहायच्या टेबलावरच्या फूटपट्ट्या आणि पेन्सिलीही तिनं तशाच लावून ठेवल्या. मला वाटलं, टापटीप आहे. माझ्या प्रयोगशाळेतल्या मुलांना अशी सवय असती तर किती बरं झालं असतं, असंही मनात आलं.

आणि आता आम्ही अपिलात गवारे साहेबांच्या खोलीत बसलो होतो.

"वाचा," साहेब धोंगड्यांना म्हणाले.

"मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती आहे," धोंगडे वाचू लागले. "तिचा व्यापक जनहिताशी संबंध दिसून येत नाही. तसेच ती उघड केल्यास त्रयस्थ पक्षाच्या जीविताला धोका संभवतो. सबब..."

"त्रयस्थ पक्ष कोण?" मी विचारलं.

"हे." त्यांनी फाईलनंच अभयसिंहाकडे खूण केली.

"आणि ही?"

"या अर्जदार."

"ही त्यांची पत्नी आहे."

"कायद्यात पत्नी असं काही नसतं मॅडम. अर्जदार, नाहीतर त्रयस्थ."

"आणि जीविताला धोका कुणाच्या?"

"त्रयस्थ पक्षाच्या."

"कुणापासून?"

धोंगड्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी शैलाकडे पाहिलं. शैलाचं वजन त्या वेळी पंचेचाळीस किलोही नसेल. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात," गवारे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "गोपनीयता नावाची गोष्ट आहे. एकाला माहिती दिली की सगळ्यांना द्यावी लागते. उद्या एखादा गुंड येऊन विचारेल, कुणाकडे शस्त्र आहे सांगा."

"गुंड तिकीट लावून अर्ज करत नाहीत साहेब. आणि शस्त्र कुणाकडे आहे हे त्यांना ठाऊकच असतं. ठाऊक नसतं ते फक्त या कार्यालयाला."

"असं कसं म्हणता?"

"तुमच्या मागची खिडकी उघडी आहे म्हणून म्हणते."

खिडकीतून समोरचा चौक दिसत होता. चौकात दसऱ्याचा फ्लेक्स अजून होता. दिवाळी होऊन गेली तरी कुणी उतरवला नव्हता. 'अभयदादा मित्रमंडळातर्फे हार्दिक शुभेच्छा.' मधोमध पाट, पाटावर लाल वस्त्र, वस्त्रावर झेंडूच्या फुलांत आणि आपट्याच्या पानांत ठेवलेलं रिव्हॉल्वर, त्यावर हळदीकुंकू. मागं हात जोडलेला अभयसिंह. रिव्हॉल्वर माणसापेक्षा मोठं दिसत होतं. छायाचित्र काढणाऱ्याला प्रमाणाचं भान नव्हतं, किंवा फार चांगलं होतं.

साहेबांनी मान वळवून पाहिलं आणि लगेच परत फिरवली. रोज गाडीतून येता-जाता ते त्याच्याखालून जात असणार.

"फोटो आहे तो," ते म्हणाले. "फोटोतली वस्तू खरी की खेळण्यातली, हे कार्यालय कसं सांगणार?"

"खेळण्यातली असेल तर परवाना नाही, असं लिहून द्या. आम्ही उठतो."

अभयसिंह मोकळेपणानं हसला. "ताई पहिल्यापासूनच अशा आहेत, साहेब. आमच्या लग्नात आचाऱ्याला विचारत होत्या, कढईचं तापमान किती म्हणून."

साहेबही हसले. धोंगडे, साहेब हसल्यामुळे, हसले. मी विचारलं होतं हे खरं आहे. जिलब्या करपत होत्या.

"दुसरी गोष्ट," हसणं थांबल्यावर मी म्हटलं. "त्रयस्थ पक्षाला नोटीस पाठवलीत, तिच्याबरोबर अर्जाची प्रत जोडलीत. त्या प्रतीवर माझ्या बहिणीचा पत्ता होता. तो झाकला का नाही?"

"नोटिशीसोबत प्रत जोडायची पद्धत आहे," धोंगडे म्हणाले.

"पत्त्यासकट?"

"पत्ता झाकायचा असं कुठं लिहिलंय? त्रयस्थाला कळायला नको का, कोण विचारतंय? त्याचा तो अधिकार आहे."

"म्हणजे यांच्याकडे शस्त्र आहे की नाही, ही यांची खासगी बाब. आणि ती कुठं राहते, हे यांना घरपोच."

"रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलंय," धोंगडे दुखावल्यासारखे म्हणाले. "पोचपावती आहे."

त्यांना खरोखरच वाटलं होतं की मी पोस्टाबद्दल तक्रार करते आहे. अशा माणसावर चिडता येत नाही. मी पुढं बरीच वर्षं निरनिराळ्या कार्यालयांत गेले. वाईट माणसं फार थोडी भेटली. बहुतेक सगळे धोंगडे होते.

मग मी ते बोलले. आधी बोलणार नव्हते, कारण कमरेला शस्त्र असलेल्या माणसासमोर ते बोलावं का, याचा मी तो आत आल्यापासून विचार करत होते. पण त्यानं जिलब्यांची आठवण काढली होती.

"साहेब, खाली फाटकावर बोर्ड आहे. शस्त्रासह प्रवेश करण्यास मनाई आहे. यांना उभं राहायला सांगा आणि शर्टाची उजवी बाजू वर करायला सांगा. अपील इथंच निकाली निघेल."

 अभयसिंहानं पाय सावकाश लांब केले, हात पोटावर बांधले. उंचवटा आता कुणालाही दिसेल असा होता.

"मॅडम," गवारे साहेब म्हणाले, "अंगझडती घ्यायचा मला अधिकार नाही. आणि अभयराव प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. तुम्ही विषय भलतीकडे नेऊ नका."

"जाऊ दे साहेब," अभयसिंह म्हणाला. आवाज मऊ, सगळ्यांना सांभाळून घेणारा. "घरचा विषय आहे. बाहेर यायला नको होता, आला. माझी काही तक्रार नाही. तिलाच विचारा, मी कधी बोट लावलंय का तिला? कधी आवाज चढवलाय का? माझ्यासमोर विचारा."

साहेबांना हे फार पटलं. ते पुढं झुकले. "सांगा ताई. मारलं का यांनी कधी?"

"नाही," शैला म्हणाली.

"शिवीगाळ?"

"नाही."

"बघा मॅडम." ते माझ्याकडे वळले; खोलीत बहुतेक मीच आरोपी होते. "मग भीती कसली? एवढा चांगला माणूस स्वतः न्यायला आलाय. धोंगडे, चहा सांगा सगळ्यांना. एकत्र चहा घ्या, निम्मं काम होऊन जाईल."

"बिनसाखरेचा माझा," अभयसिंह म्हणाला.

गवारे साहेबांनी हातातलं पेन टेबलाच्या काचेवर ठेवलं आणि कागद जुळवले. "निर्णय राखून ठेवतो. पोस्टानं कळेल. आता पत्ता सांगा. वसतिगृहाचाच ना? अर्जावर आहे तोच लिहायचा?"

पेन काचेवर तिरकं पडलं होतं. टोपण काढलेलं, निब शैलाच्या छातीच्या रोखानं.

शैलानं हात पुढं केला आणि दोन बोटांनी ते पेन फिरवलं. निब भिंतीकडे गेली. मग तिनं हात परत मांडीवर ठेवला.

ते करताना तिचं लक्षही नव्हतं. साहेबांना वाटलं, पेन घरंगळू नये म्हणून केलं. पण मी अभयसिंहाकडे पाहत होते, आणि त्याचं हसू गेलं. ओठ तसेच राहिले, हसू तेवढं गेलं. त्या पेनाकडे त्यानं असं पाहिलं, जणू कुणीतरी त्याचं नाव घेतलं होतं. मला लोणच्याचा चमचा आठवला. काकडीची सुरी, आमटीचा डाव, माझ्या पेन्सिली. इतके दिवस ज्याला मी टापटीप म्हणत होते ते टापटीप नव्हतं, एवढं मला कळलं. काय होतं ते अजून कळलं नव्हतं.

"शैला, चल आता," अभयसिंह म्हणाला. पहिल्यांदाच घाईनं. "चहा नको. उशीर होतोय."

ती उठली नाही.

"तो जेवायला बसला की ते कमरेचं काढायचा," ती म्हणाली. कुणाकडे न बघता, काचेकडे बघत. "ताटाशेजारी ठेवायचा. मिठाच्या वाटीपाशी. आणि मग फिरवायचा. ज्याच्याकडे तोंड असेल, त्याचं काहीतरी चुकलेलं असायचं. काय चुकलं ते सांगायचा नाही. आपण ओळखायचं. तो जेवायचा. भाकरी मागायचा, भाजी चांगली झालीय म्हणायचा. आवाज कधी चढवला नाही, हे खरं आहे."

"शैला," अभयसिंह म्हणाला.

"बहुतेक माझ्याकडेच असायचं. मी ताट जरासं बाजूला सरकवायची. त्याला दिसणार नाही एवढंच. सवय झाली होती. मग एक दिवस मृणूकडे होतं. गणितात मार्क कमी पडले होते तिला. तिनं बघितलं, आणि काही न बोलता आपलं ताट बाजूला सरकवलं. अगदी एवढंसं." तिनं काचेवर बोट ठेवून अंतर दाखवलं. "माझ्यासारखंच. तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज बघून शिकली होती. दुसऱ्या दिवशी तो क्रशरवर गेल्यावर आम्ही निघालो."

चहा आला. शिपायानं कप ठेवले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून तो लगबगीनं गेला. बिनसाखरेचा कुठला ते सांगायचं राहूनच गेलं.

गवारे साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "ताई, हे... हे सगळं तुमच्या अर्जात नाही. अपिलाच्या कक्षेत येत नाही हे. मी काय करणार यात?"

आणि मग, साहेबांना वाचवायला, धोंगडे पुढं आले. त्यांना आपली शाखा निर्दोष ठेवायची होती, दुसरं काही नाही.

"बाई, असं असतं तर तुम्ही आधी कळवायचं होतं," ते रागानं म्हणाले. "आत्ता सांगून काय उपयोग? यांची नूतनीकरणाची फाईल पोलीस अहवालासकट परत आलीसुद्धा. नुसती सही राहिलीय. आठवड्यानं आल्या असतात तर आमच्या हातात काहीच..."

ते थांबले. पंख्याकडे बघायची वेळ आता त्यांची होती.

जी माहिती व्यापक जनहिताची नव्हती, जिच्यामुळे त्रयस्थ पक्षाच्या जीविताला धोका होता, जिच्यासाठी आम्ही अर्ज केला, नकार घेतला, अपील केलं आणि शैलाची नोकरी घालवली, ती अशी फुकट, चहाच्या कपांवरून आमच्यापर्यंत आली. परवाना होता. नूतनीकरण व्हायचं होतं. सही राहिली होती.

"धोंगडे," गवारे साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा." मग आमच्याकडे वळून, "हे कामकाजात धरू नका. अनवधानानं झालंय. तुम्हाला अधिकृत माहिती दिलेली नाही."

"नाही, नाही," मी म्हटलं. "आम्ही काही ऐकलं नाही. पंख्याचा आवाज होता."

अभयसिंह उठून उभा राहिला. उठताना खुर्चीच्या लोखंडावर पुन्हा तोच आवाज झाला, आणि या वेळी साहेबांनी दचकून थेट त्याच्या कमरेकडे पाहिलं. पहिल्यांदाच. हे मी आवर्जून सांगते, कारण तेवढंच काय ते त्या दिवशी त्या कार्यालयानं केलं.

"साहेब, बाईमाणूस आहे. डोक्यात काहीतरी घेतलंय," तो म्हणाला. "दोन वर्षांत एक तक्रार दिली का हिनं कुठं? एक कागद? मामांना विचारा. सगळ्यांना 'बघू' म्हणते. आताही बाहेर गेली की बघूच म्हणणार. मी ओळखतो हिला. चल, शैला. मृणूला घेऊ आणि घरी जाऊ. पोरीचं शिक्षण बुडतंय."

साहेबांनी शैलाकडे पाहिलं. तिनं त्याचं ऐकावं आणि हे सगळं त्यांच्या टेबलावरून उठून जावं, अशी त्यांची इच्छा इतकी उघड होती की ती बघायलाही लाज वाटत होती.

"हरकत घ्यायची तर लेखी लागते, ताई," ते तिला भीती घालावी तसं म्हणाले. "नाव घालून. सगळं, हे ताटाचं वगैरे, लिहून. ती फाईलला लागते. यांना प्रत जाते. मग मागं घेता येत नाही. पोलीस जबाबाला बोलावतात. नीट विचार करा. दोन-चार दिवस घ्या, घरी बोला, मग बघू..."

आपण कुठला शब्द उच्चारला ते त्यांना कळलं नाही. मी बहिणीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती मान हलवेल.

शैलानं पेन उचललं. ते तिनं निब स्वतःकडे आणि मागची बाजू साहेबांकडे करून त्यांच्या हातापाशी धरलं, लहान मुलांना कात्री द्यायला शिकवतात तसं. साहेबांनी ते घेतलं, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "मी शैला अभयसिंह निंबाळे. यांच्या परवान्याला माझी हरकत आहे. आणि मी त्या घरी परत जाणार नाही."